झाकून ठेवलेली बरणी

थायलंडला जाऊन आले की लोक पहिलं विचारतात, "खाण्याचे हाल झाले असतील ना?" त्यांना उत्तर द्यायचा कंटाळा आला, म्हणून हे एकदाच लिहितेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सोंगक्रान म्हणजे थाई नववर्ष, १३ एप्रिलपासून तीन दिवस. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारे, हॉटेलांत-कारखान्यांत राबणारे ईशान्येकडच्या इसानचे लोक तेव्हा गावी परततात. गणपतीतली कोकणची गाडी आठवा, तश्शी गर्दी. त्याच दिवसांत मी इसानमधल्या खोन केन शहराजवळच्या एका गावात एका बाईंकडे उतरले होते. मी त्यांना 'मॅ' म्हणायचे. मॅ म्हणजे आई, पण आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला तसं म्हटलेलं चालतं. बँकॉकला नोकरी करणारी त्यांची लेक घरी आली होती. तिच्या मोडक्या इंग्रजीवर आणि फोनवरच्या भाषांतरावर आमचं सगळं निभावलं.

दुपारी चटई अंथरली. रात्रभर भिजवून बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवलेला चिकट भात, निखाऱ्यावरची कोंबडी, लाप (बारीक मांसात पुदिना, लिंबू आणि भाजून कुटलेले तांदूळ) आणि सोम तम. सोम तम म्हणजे कच्च्या पपईचा कीस. मातीच्या खोल उखळीत लाकडी मुसळाने आधी लसूण-मिरची ठेचायची, मग चवळीच्या शेंगा, टोमॅटो, शेवटी पपई. एका हाताने ठेचायचं, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर करायचं. पपईचा लगदा होता कामा नये, ती नुसती चेचायची. मॅचा हात असा चालत होता की मला आजीचा ठेचा आठवला.

माझ्यासाठी केलेल्या सोम तममध्ये शेंगदाणे आणि गूळ होता. ताडाचा गूळ. छान होतं, पण बँकॉकच्या हॉटेलात मिळालं होतं तसंच. आणि वास मात्र वेगळाच येत होता. मोरीजवळ एक बरणी होती, वर ताट, ताटावर दगड.

तो वास मी झोपेतही ओळखला असता. वेंगुर्ल्याची आहे मी.

बरणीत प्ला रा होता. गोड्या पाण्यातले मासे मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात महिनोन्‌महिने मुरवतात, त्याचा राखाडी रस. इसानमध्ये त्याच्याशिवाय सोम तमला कुणी सोम तम म्हणत नाही. मग मला का नाही? लेक ओशाळून म्हणाली, "पाहुण्यांना वास सहन होत नाही. बँकॉकमध्ये मी पण ऑफिसात डबा उघडत नाही."

आता माझं ऐका. पुण्यात भाड्याने राहत असताना एकदा सुक्या बांगड्याची किसमूर केली होती. रात्री आठला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "कुणाच्या घरात काही मेलंय का?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यातलेच काहीजण परदेशात निळी बुरशी आलेलं चीज खाऊन फोटो टाकतात, आणि त्याला 'ॲक्वायर्ड टेस्ट' म्हणतात! आमच्या गोलम्याला (बारीक सुक्या कोळंबीला) मात्र घाण वास. मीही भित्रीच. त्यानंतर कित्येक वर्षं खिडक्या बंद करून, उदबत्ती लावून सुकट भाजली.

मी मॅला म्हटलं, बरणी उघडा.

त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग दुसरं सोम तम ठेचलं: प्ला रा, खारवलेला छोटा खेकडा आणि माझ्या तोंडाचा अंदाज न घेता मिरच्या. भाताचा गोळा वळून, बोटांनी दाबून त्यात बुडवायचा, हातानेच. (टूरवाले शिकवतात ते काटा-चमच्याचं थाई जेवण इथे नव्हतं.) डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आधी मीठ, मग आंबट, आणि मग मागून सावकाश येणारी ती खोल चव, खारं (खारवलेला सुका मासा) घातलेल्या आमटीसारखी. 'चविष्ट'ला थाईत 'अरोय' म्हणतात, मी त्याऐवजी तिथला इसानी शब्द वापरला, "सॅप!" मॅ मांडीवर थाप मारून हसल्या. त्यानंतर माझ्यासाठी वेगळं काही वाढलं गेलं नाही. मधल्या एकाच ताटात सगळ्यांचे हात.

जिरेभात-डाळफ्राय शोधत फिरणाऱ्या ग्रुपांवर मी चिडत नाही, ज्याचं त्याचं पोट. पण 'आम्ही लोकल जेवलो' म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, की तुमच्यासाठी कुठली बरणी झाकून ठेवली होती ते बघितलंत का?

निघायच्या दिवशी लेकही बँकॉकला निघाली. मॅने तिला प्ला रा बांधून दिला. बाटली, तिला प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्र, परत प्लास्टिक, रबरबँड. लेकीने ते पुडकं बॅगेत सगळ्यात खाली, कपड्यांच्या आत सरकवलं आणि मी बघतेय हे पाहून कसनुशी हसली.

मी पण तिथेच ठेवते गं.