दहा रात्रींचे वाटणीपत्र

लातूर जिल्ह्यात भूकरमापक म्हणून मी 33 वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या आणि त्यांच्या वाटण्यांचे नकाशे काढले. भावाभावांच्या भांडणात साखळी धरून उभे राहिल्याबद्दल एकदा गोफणीचा दगड माझ्या खांद्याला लागला आहे, आणि एकदा तर दोन्ही बाजूंनी मिळून मलाच विहिरीकडे ढकलत नेले होते. म्हणून निवृत्तीच्या दिवशी, नारळ आणि शाल हातात असतानाच, यापुढे कुणाच्याही वाटणीत पडायचे नाही अशी मी शपथ घेतली. ती मोडायची वेळ आली ती थेट प्रशांत महासागरातून, आणि तीही जिथे आमच्या नावावर एक गुंठा नाही अशा चार बेटांपायी.

झाले असे की, कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहणाऱ्या मुलाने एका सकाळी व्हिडिओ कॉलवर जाहीर केले, "अण्णा, फेब्रुवारीत तुम्ही इकडं असताना आपण सगळे दहा रात्री हवाईला जाऊ. हिचे आईवडीलही येणार आहेत. कॉन्डो घेऊ." कॉन्डो म्हणजे कुणाच्या तरी मालकीचा, भांड्याकुंड्यांसकट दिवसाच्या भाड्याने मिळणारा फ्लॅट, हे त्याने समजावून सांगितले. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न विचारला तो गॅसचा. शेगडी विजेची असते असे कळल्यावर, फुलका फुगणार नाही एवढीच नोंद घेऊन त्यांनी पोळपाट-लाटणे इथूनच न्यायचे ठरवले. माझी अडचण वेगळी होती. 'हवाई' हे राज्याचेही नाव आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या बेटाचेही. लातूर तालुका आणि लातूर जिल्हा यांच्यात घोळ घालणारे अर्जदार मी आयुष्यभर पाहिले असल्यामुळे, आपण नेमके कशाबद्दल बोलत आहोत हे आधी लिहून घ्या, असा आग्रह मी धरला. तो आग्रहच मला नडला. "मग अण्णा, तुम्हीच वाटणी करा," असे मुलगा म्हणाला आणि फोनमधली सगळी मंडळी हसली. ते हसणे शेवटचे.

हक्कदार एकूण सात. त्यांतल्या पाच जणांचे दावे उघड होते. मुलाला माउई बेट हवे होते, कारण फेब्रुवारीत तिथल्या समुद्रात कुबडे देवमासे पिलांसह असतात आणि ते किनाऱ्यावर नुसते पडून राहूनही दिसतात. त्यातला 'पडून राहून' हा भाग त्याला विशेष महत्त्वाचा वाटत होता. सूनबाईलाही माउईच हवे होते, पण पडून राहण्यासाठी नव्हे. हाना गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 600 हून अधिक वळणे आहेत आणि ती सगळी तिला गाडी चालवत पार करायची होती. विहीणबाईंचे विमानात कान दुखतात, त्यामुळे बेट कोणतेही चालेल पण विमाने कमीत कमी, एवढीच त्यांची अट होती. नातीला ज्वालामुखी हवा होता आणि आमच्या घरातून मागणी आली ती पावसाची.

राहिले व्याही. हे नांदेडचे निवृत्त शिक्षक, अत्यंत सज्जन, आणि त्यामुळेच अत्यंत अवघड. "आमचं काही नाही बघा पाहुणे, तुम्ही ठरवाल ते," असे ते पहिल्या कॉलवर म्हणाले, दुसऱ्या कॉलवर म्हणाले आणि तिसऱ्या कॉलवर तर हात जोडून म्हणाले. मराठवाड्यात ज्याची सोयरीक झालेली आहे त्या प्रत्येकाला ठाऊक असते की, 'आमचं काही नाही' या वाक्यात जेवढे असते तेवढे खरेदीखतातही नसते. चौथ्या दिवशी सूनबाईचा वेगळा फोन आला. "अण्णा, पप्पांनी 30 वर्षे दुसरं महायुद्ध शिकवलं हो. पर्ल हार्बर ओआहू बेटावर आहे. पण मी सांगितलं असं म्हणू नका." 7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात बुडालेल्या 'ॲरिझोना' या अमेरिकी युद्धनौकेवर 1,177 माणसे गेली, तिचा सांगाडा अजून पाण्याखाली आहे आणि त्यातून आजही तेल थेंबथेंब वर येते, हे व्याह्यांनी किमान तीस तुकड्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. त्या माणसाला ओआहूच्या शेजारच्या बेटावर बसवून देवमासे दाखवणे हा सोयरिकीतला गुन्हा ठरला असता.

म्हणजे माउई, ओआहू, ज्वालामुखीचे मोठे बेट आणि पावसाचे कवाई अशी चार बेटे आणि दहा रात्री. मुलाने कॅल्क्युलेटरवर अडीच अडीच रात्री काढल्या. मी त्याला वावराची गोष्ट सांगितली. चार एकराचे एक वावर चार भावांना वाटले की प्रत्येकाला एक एकर येते, असे फक्त गणिताच्या पुस्तकात घडते. प्रत्यक्षात तीन बांध घालावे लागतात, बांधाला जमीन लागते, बांधावर बाभळी उगवतात, आणि बाभळीच्या सावलीवरून पुढची भांडणे होतात. सुट्टीचेही तसेच आहे. जुना कॉन्डो सकाळी 10 वाजता रिकामा करायचा आणि नवा दुपारी 4 वाजता ताब्यात मिळायचा. मधल्या सहा तासांत सात माणसे, अकरा बॅगा आणि एक पोळपाट घेऊन विमानतळ गाठायचा, जोडे काढायचे, जोडे घालायचे, चाळीस मिनिटांचे विमान पकडायचे, भाड्याची नवी गाडी घ्यायची आणि उरलेला वेळ कुठल्या तरी दुकानाच्या वाहनतळावर केळी खात काढायचा. थोडक्यात, एक बेट बदलले की एक दिवस बांधात गेला. चार बेटांना तीन बांध, म्हणजे दहातले तीन दिवस बाभळीखाली.

बोटीने जाता येईल का, अशी शंका विहीणबाईंनी काढली, आणि ती रास्तच होती, कारण बेट म्हटले की बोट आलीच असे कुणालाही वाटेल. पण या चार बेटांमध्ये प्रवासी बोटच नाही. 2007 साली माणसे आणि मोटारी नेणारी एक मोठी जलद बोट सुरू झाली होती. पर्यावरणाच्या परिणामांची तपासणी न करताच ती चालू दिली म्हणून प्रकरण न्यायालयात गेले आणि 2009 मध्ये ती बंद पडली. आपल्याकडे कालव्याचे पाणी येता येता थांबते तसे हे प्रकरण मला ओळखीचे वाटले.

शिवाय कॉन्डोवाल्यांची स्वतःची तुकडेबंदी असते. आपल्याकडचा तुकडेबंदी कायदा 1947 चा. जिरायत जमीन असेल तर 20 गुंठ्यांच्या आणि बागायत असेल तर 10 गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. सूनबाईच्या तक्त्यात प्रत्येक कॉन्डोपुढे तसाच एक रकाना होता: कमीत कमी चार रात्री, कमीत कमी पाच, काही ठिकाणी सात. त्याच्या शेजारी सफाईचे शुल्क, जे दोन रात्री राहिलात तरी तेवढेच आणि दहा रात्री राहिलात तरी तेवढेच. हा रकाना पाहताच मुलगा एकदम गंभीर झाला आणि एकाच बेटावर दहा रात्री राहण्यातले आध्यात्मिक फायदे सांगू लागला.

वाटणीचा आमच्याकडचा जुना रिवाज असा की, मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. धाकटी म्हणजे नात, वय वर्षे नऊ. तिने क्षणाचाही विलंब न लावता मोठे बेट उचलले. हे बेट साधारण 10,400 चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याला जेमतेम कमी, आणि उरलेली सगळी बेटे एकत्र केली तरी त्याहून लहानच. त्यावर किलाउएआ हा ज्वालामुखी आहे, आणि 38 वर्षे गप्प बसून 2022 मध्ये पुन्हा उफाळलेला मौना लोआ आहे. लाव्हा पाहण्यासाठी एवढे लांब कशाला जायचे, आपल्या अंगणातला काळा दगडही लाव्हाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अख्खे दख्खन त्याने भरून गेले आणि त्यातच पुढे वेरूळचे कैलास लेणे कोरले, असे मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण आजोबा, तो थंड झालाय ना." मोठे बेट तिच्या नावे लागले.

आता पाऊस. आमच्या सौभाग्यवतींनी कवाई बेटाचे नाव धरले होते. त्या बेटाच्या मधोमध वायआलेआले नावाचे शिखर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी 9,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोही त्याच्या मनात आले तर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले होते. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या दिवसांत पाण्यासाठी घागरीला नंबर लावलेल्या बाईला तुम्ही असे शिखर सांगितल्यावर ती देवमाशांकडे ढुंकून कशाला पाहील? मुलाने कवाईला होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी पोइपू येथील कॉन्डोचे फोटो पाठवले. निळे आकाश, कोरडी वाळू, छत्र्या उन्हाच्या. "अगं आई, पाऊस डोंगराच्या ईशान्येला पडतो. व्यापारी वारे तिकडून येतात, ढग डोंगराला अडतात आणि तिकडंच रिकामे होतात. दक्षिणेची ही बाजू पर्जन्यछायेत येते, म्हणून चांगली हॉटेलं आणि कॉन्डो सगळे इकडंच."

पर्जन्यछाया हा शब्द ऐकताच आमच्या घरात शांतता पसरली. सह्याद्रीने ढग अडवून कोकणात रिकामे करावेत आणि उरलेले ओझरते आमच्यावरून न्यावेत, या व्यवस्थेत आमच्या पिढ्या गेल्या. त्याच पर्जन्यछायेत राहण्यासाठी लोक पाच-पाच तास विमानात बसून येतात आणि रात्रीला शेकडो डॉलर मोजतात, ही गोष्ट तिला पटेना. "म्हणजे जगातल्या एवढ्या पावसाच्या बेटावर जायचं, आणि तिथं शोधून शोधून लातूरच गाठायचं?" यावर मुलाकडे उत्तर नव्हते. उत्तरेकडे हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पोहता येत नाही, असे तो चाचरत म्हणाला. "मी काय पोहायला चाललेय का? मी खिडकीत बसून पाऊस बघीन. तुम्ही जा पोहायला." कवाईच्या उत्तर किनाऱ्यावरचा, प्रिन्सव्हिलचा कॉन्डो नक्की झाला. तिथल्या भर पावसाळ्यात, पावसाच्या बाजूला, चार रात्री. समुद्रात पोहण्याच्या चष्म्यांचा जो संच मुलाने सात जणांसाठी आणला होता, त्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

माउईचा वाटा तेव्हा अजून शिल्लक होता, आणि तो कसा सुटला हे सांगितले पाहिजे. माउईवरच्या लहायना गावात एक प्रचंड वड आहे. तो 1873 मध्ये लावला, आणि रोप गेले होते ते भारतातून. ऑगस्ट 2023 मध्ये त्या गावाला आग लागली. शंभराहून अधिक माणसे गेली, गाव जळाले, वडही भाजला, पण त्याला पुन्हा पालवी फुटली. आपल्या वडाचे कौतुक ऐकून सौभाग्यवती माउईकडे वळतील असा मुलाचा डाव असावा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जीपा करून माणसं बघायला यायची. डबे घेऊन." 1993 च्या त्या दिवसांत मुलगा अंगणवाडीत होता. माउईचे बाकीचे भाग खुले आहेत आणि तिथल्या लोकांचे पोट पाहुण्यांवरच चालते, असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तिनेही जाऊ नका असे म्हटले नव्हते. पण संध्याकाळी त्याचा संदेश आला की माउई पुढच्या वेळी पाहू. वाटणीत हक्कसोडपत्र लिहून देण्याची पाळी नेहमी बहिणींवर येते. कर्त्या मुलाने ते आपणहून लिहून दिल्याचे माझ्या 33 वर्षांत मी पाहिलेले नाही. देवमासे कवाईच्या किनाऱ्यावरूनही दिसतात हे मी त्याला शोधून दिले. सूनबाईच्या 600 वळणांची भरपाई मात्र मला करता आली नाही, आणि ती अजून माझ्याशी थोडे कमीच बोलते.

कवाईला चार, मोठ्या बेटाला पाच. उरली एक रात्र, आणि उरले व्याही. एका रात्रीला कॉन्डो मिळत नाही, तुकडेबंदी आडवी येते. पण तुकडेबंदीतून विहिरीसाठी आणि शेतरस्त्यासाठी अलीकडे सूट मिळू लागली आहे, हे मला आठवले. कवाईहून मोठ्या बेटाकडे जाताना होनोलुलूला विमान बदलायचेच होते. तिथे हॉटेलात एक मुक्काम टाकला की एकही विमान वाढत नाही, विहीणबाईंचे कान सुरक्षित राहतात आणि सकाळी पर्ल हार्बर होते. म्हणजे व्याह्यांचा हिस्सा मी वाटेतच काढून दिला. हे मी त्यांना कळवले तेव्हा ते म्हणाले, "अरेच्चा, पर्ल हार्बर तिथंच आहे होय? चला, वाटेत आहे तर बघून घेऊ." पाठोपाठ त्यांचा दुसरा संदेश आला, त्यात स्मारकाकडे नेणाऱ्या नावेची आगाऊ नोंदणी किती आठवडे आधी सुरू होते याचा तपशील होता.

वाटणीपत्र मी आलेखाच्या कागदावर, हद्दींसह, स्वच्छ अक्षरात काढले, त्याखाली सातही जणांची नावे लिहिली आणि फोटो पाठवून दिला. कुणाचीही हरकत आली नाही. मी चष्मा काढून ठेवला, तोच मुलाचा फोन आला. दोन्ही कॉन्डोंत तीनच खोल्या आहेत, त्यांतल्या एकीलाच समुद्राची खिडकी आणि स्वतंत्र बाथरूम आहे, आणि तिसरीत एकावर एक रचलेल्या खाटा आहेत. मोठी खोली अर्थातच पाहुण्यांना, असे मी तत्परतेने म्हणालो. त्याच वेळी सौभाग्यवतींनी, खिडकी नसेल तर पाऊस कुठून बघायचा, असे मला डोळ्यांनी विचारले. फोनच्या दुसऱ्या चौकोनात व्याही हात जोडून बसले होते.

"आमचं काही नाही बघा पाहुणे. आम्ही हॉलमध्येसुद्धा पडू."

सूनबाईचा वेगळा फोन रात्री नऊ वाजता आला. तोपर्यंत मी आलेखाचा नवा कागद काढून ठेवला होता.