आधी मान मजबूत करा

गिब्सन या गिटार कंपनीने खप वाढवायला किमती उतरवाव्यात, असं एका लेखात म्हटलंय. किमती जास्त आहेतच, पण मला वाटतं आधी हेडस्टॉककडे, म्हणजे गिटारच्या खुंट्या असलेल्या टोकाकडे, बघायला हवं. त्यांच्या लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारची नेक, म्हणजे मान, महॉगनी लाकडाची, बहुतेक एकाच तुकड्यातली, आणि हेडस्टॉक 17 अंशांत मागे कललेला. त्यात ट्रस रॉड (मानेचा बाक नीट करणारा आतला धातूचा दांडा) फिरवायची जागा नटच्या, म्हणजे मान आणि हेडस्टॉक यांच्यामधल्या खाचांच्या पट्टीच्या, अगदी मागे कोरलेली. म्हणजे जिथे ताण जास्त तिथेच लाकूड कमी! स्टँडवरून गिटार मागे पडली की नेमकी तिथेच मोडते. सत्तरच्या दशकात त्यांनीच तिथे मागच्या बाजूला लाकडाचा उंचवटा ठेवला होता, व्होल्यूट म्हणतात त्याला. तो परत आणा ना. ज्यांना 1959च्या लेस पॉलची हुबेहूब प्रतिकृती हवी, त्यांच्यासाठी गिब्सनचा खास गिटार बनवणारा विभाग, कस्टम शॉप, आहेच.

दुसरं, तिसऱ्या तारेचं. ती नटमधून निघाली की खुंटीकडे तिरकी वळते. बेंड घेतला, म्हणजे बोटाने तार ओढून सूर चढवला, की नटच्या खाचेत अडकते आणि सुरात परत येत नाही. तार सरकावी म्हणून खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून किती दिवस काढायचे? कारखान्यातच खाच नीट कापून द्या. 2015 साली त्यांनी बहुतेक मॉडेल्सवर आपोआप सूर लावणारं यंत्र बसवलं, किमती वाढवल्या, आणि वादकांनी ते नाकारलं. मागितलं होतं काय, दिलं काय!

लेस पॉलचा तो जाड, रेंगाळणारा सूर माझ्या कानाला दुसऱ्या कुठल्याच गिटारमधून मिळत नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहिलं.