फुंकर, कापसाची काडी आणि नेलपॉलिश रिमूव्हर

लग्नसराई आटोपली की फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो : 'सर्व्हिस सेंटरला कशाला पैसे देता? लेन्स काढा, जोरात फुंकर मारा, कापसाची काडी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवून सेन्सर गोल गोल पुसा. काचच तर आहे, काही होत नाही.'

घरी सेन्सर, म्हणजे लेन्समागचा फोटो टिपणारा भाग, साफ करता येतो, हे खरं. मीही करतो. पण मेसेजात सांगितलंय तसा नाही.

मुळात डाग सेन्सरवरच आहे हे कशावरून? डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) दिसणारा ठिपका आतल्या फोकसिंग स्क्रीनच्या पडद्यावर किंवा आरशावर असतो. फोटोत तो येतच नाही. कितीतरी जण तो बघून बिचाऱ्या सेन्सरच्या मागे लागतात. आधी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/२२ इतकं बारीक ठेवा, फोकस बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. त्यात काळपट ठिपके दिसले तर कचरा सेन्सरपुढच्या काचेवर आहे. एफ/२.८ ला तेच ठिपके विरून जातात, कारण धूळ सेन्सरच्या किंचित पुढे बसलेली असते आणि मोठ्या ॲपर्चरमध्ये तिची सावली पसरते. फोटोत वर दिसणारा डाग प्रत्यक्षात खाली असतो, हेही ध्यानात ठेवा. चार लग्नांत एखादाच ठिपका दिसत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये पुसा आणि झोपा.

'काचच तर आहे.' हो, आपण पुसतो ती सेन्सरपुढची फिल्टरची काच. तिच्यावर पातळ कोटिंग असतं. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस् मापावर क्वार्ट्झ ७, साधी काच साडेपाच-सहाच्या आसपास. म्हणजे धूळ न उडवता काडी फिरवणं हे काचेवर पॉलिश पेपर घासणंच. म्हणून पुसणं शेवटी. आधी रबरी ब्लोअर. कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून हवा मारा. दहातल्या आठ वेळा काम तिथंच संपतं, असा माझा अनुभव.

तोंडाची फुंकर म्हणजे थुंकीचे तुषार. ते वाळले की मूळ धुळीपेक्षा चिवट डाग पडतो. दाबलेल्या हवेचा डबा तर त्याहून वाईट. जरा तिरका झाला की आतला गारठलेला द्रव थेट काचेवर.

नेलपॉलिश रिमूव्हरबद्दल काय बोलावं! त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक विरघळवतं आणि वास, रंग, तेल यांचा थर मागे उरतो. सेन्सरसाठीचं द्रावण मागे काही न ठेवता उडून जातं. अशी काही द्रावणं मिथेनॉलची असतात. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, तेव्हा देवघरातल्या समईजवळ हा उद्योग नको.

कापसाच्या काडीचे तंतू सुटतात आणि गोल फिरवल्याने घाण कोपऱ्यांत जाऊन बसते. स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची चपटी काडी, सेन्सरच्या उंचीइतका रुंद हवा : फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरला २४ मिलिमीटर, एपीएस-सी या लहान सेन्सरला १६. द्रावणाचे दोनच थेंब. एका कडेपासून दुसरीपर्यंत एकच ओढ, स्वॅब उलटवून परत एक, मग तो टाकून द्यायचा. 'अजून चांगला आहे' म्हणून जपून ठेवायचा नाही. सेन्सर हलवून फोटो स्थिर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांत हात आणखी हलका ठेवा.

मेसेजात बॅटरीचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते. डीएसएलआरमध्ये मेनूतून आरसा वर करून सफाई करतात. मध्येच बॅटरी संपली तर शटर आणि आरसा थेट स्वॅबवर आदळतात. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि 'बल्ब'वर (बटण दाबलेलं असेपर्यंतच शटर उघडं ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून बटण दाबून धरण्याची हुशारी नको.

राहता राहिलं त्या मेसेजाला जोडलेलं 'नीट वापरणाऱ्याच्या कॅमेऱ्यात घाण जात नाही' हे शेपूट. निकॉन डी६०० हे मॉडेल २०१२ साली आलं आणि नव्याकोऱ्या कॅमेऱ्यांच्याच सेन्सरवर ठिपके दिसू लागले. २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनाही तपासणी, सफाई आणि शटर बदलणं फुकट करून देऊ केलं. तिथं वापरणाऱ्याचा काय दोष?

माझी मर्यादाही सांगतो. जेजुरीला भंडाऱ्याच्या उधळणीत लेन्स बदलली आणि हळद आत गेली, तर मी ब्लोअर मारून पाहतो. तेवढ्याने निघाली नाही तर द्रावण लावत नाही, कारण ओली हळद लगदा होऊन पसरते. तेव्हा मी मुकाट्याने सर्व्हिस सेंटरची पावती फाडतो.