साहेब, रस्ता राहू द्या, आधी फाईल बांधा

साहेब, बांधकाम खात्यात अभियंता म्हणून रुजू झालात, आनंद आहे. विदर्भात पोस्टिंग मिळालेल्या माणसाचा पहिला अर्ज बदलीचा असतो हे आम्हाला ठाऊक आहे, तो तुम्ही टाकला असेलच. त्याचं उत्तर येईस्तोवर दोन-तीन मार्च जातात आणि तेवढ्यात आमच्या तालुक्यात बरीच बांधकामं उरकता येतात. मी काही तुमच्या खात्यातला नव्हे. माझं घर मारुतीच्या पारासमोर आहे, घराला ओटा आहे, आणि ओट्यापुढून जाणारा सिमेंटचा रस्ता पंधरा वर्षांत तीनदा झालेला मी बसल्या जागेवरून पाहिला आहे. एवढा सलग अनुभव खात्यातही कुणाकडे नाही, कारण तिथल्या माणसाची मधेच बदली होते.

आधी कॉलेजातलं एक खूळ डोक्यातून काढा. रस्त्याचा पाया मजबूत पाहिजे म्हणे! आमच्याकडे खाली काळी माती. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा, पहिल्या पावसात फुगून वर. तिच्यावर काय टिकणार? फाईल टिकते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, तुलनात्मक तक्ता, करारनामा, कार्यारंभ आदेश असे थर एकावर एक दाबून बसवले की वरून कितीही चौकश्या गेल्या तरी तडा जात नाही.

गावाला रस्ता एकच लागतो. तो तुम्ही एकच ठेवू नका. २०१४ साली शासनाने तीन लाखांवरचं काम ई-निविदेनेच द्यायचं ठरवलं आणि आमच्या गावात २ लाख ९९ हजारांचे रस्ते जन्माला येऊ लागले. पारापासून समाजमंदिरापर्यंत एक रस्ता, समाजमंदिरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत दुसरा, गिरणीपासून कोंडवाड्यापर्यंत तिसरा. बैलाला हा फरक कळत नाही, तो पोळ्याच्या तोरणापर्यंत एकाच रस्त्याने जातो. फाईलला कळतो. पुढे ग्रामपंचायतीसाठी मर्यादा वाढली. तुकडे थोडे लांबले, पण मोडायची सवय गेली नाही. पैसा कोणत्या शीर्षातून आला हेही तोंडपाठ करून या. इथल्या पोराला सतराचा पाढा येणार नाही, पण पंचवीस-पंधरा म्हणजे गावातल्या मूलभूत सुविधा आणि तीस-चोपन्न म्हणजे रस्तेदुरुस्ती हे पानटपरीवरचा कोणीही सांगेल.

अंदाजपत्रकात जीव ओता. त्यातही 'लीड' नावाचा जो रकाना आहे, म्हणजे माल किती लांबून आणायचा ते अंतर, तिथे तुमची खरी कल्पनाशक्ती लागते. गिट्टी, मुरूम, रेती यांचा दर दरसूचीत, म्हणजे शासनाच्या दरांच्या यादीत, ठरलेला असतो, त्यात फार हलवता येत नाही. अंतर हलतं. कागदावरचा मुरूम चाळीस किलोमीटरवरच्या मंजूर खाणीतून येतो. ओट्यावरून दिसणारा मुरूम गावामागच्या टेकडीवरून येतो, रात्री अकरानंतर, ट्रॅक्टरचा दिवा बंद ठेवून. रेतीचंही तेच. घाटाचा लिलाव झालेला नसतो, पण रेती पडलेली असते. मग बिलातून गौण खनिजाचं स्वामित्वधन, म्हणजे रेती-मुरमावरची सरकारी रॉयल्टी, कापून घ्या, विषय संपला. जे चोरीचं होतं ते कपातीनंतर शुद्ध होतं. गंगेत न्हाऊन आल्यासारखं.

आता निविदा. लोक उगाच म्हणतात की ऑनलाइन झाल्यापासून मजा गेली. पूर्वी टेंडर भरायच्या दिवशी ऑफिसच्या फाटकावर चार दांडगी पोरं उभी करावी लागायची, पेटीजवळ कुणी फिरकू नये म्हणून. त्यांचा रोजगार गेला, हे खरं. तुमची मात्र सोय झाली. तालुक्याला एक नेटकॅफे आहे, तिथे मी सातबारा काढायला गेलो होतो. पोराने ड्रॉवर उघडला. आत डिजिटल सहीची सात-आठ डोंगलं, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी, त्यावर बॉलपेनने कंत्राटदाराचं नाव. पोराने एक लावलं, दर भरला, काढलं. दुसरं लावलं, थोडा जास्त दर भरला, काढलं. तिसऱ्याच्या वेळी त्याने फोन करून विचारलं, "भाऊ, सपोर्टवाल्याचा किती टाकू?" सपोर्टवाला म्हणजे नुसता संख्या भरायला उभा केलेला. पहिल्या बोलावणीत किमान तीन निविदा पाहिजेत असा नियम आहे ना, तो असा पाळला जातो. एका खुर्चीवर, एका माऊसने, पंधरा मिनिटांत तीन कंत्राटदारांची अटीतटीची स्पर्धा झाली आणि माझा सातबारा सर्व्हर डाऊन म्हणून निघाला नाही.

कधी बाहेरचा एखादा अनोळखी दर टाकून बसतो. त्यासाठी लिफाफा क्रमांक एक असतो, कंत्राटदाराच्या पात्रतेचा. दराचा लिफाफा क्रमांक दोन. तो उघडायचा की नाही हे पहिल्यावर ठरतं. त्यात अटी घाला. अमुक यंत्र स्वतःच्या मालकीचं हवं, प्लांट कामापासून इतक्याच किलोमीटरच्या आत हवा, जागा पाहिल्याचा दाखला हवा. हा दाखला तुम्हीच द्यायचा आहे आणि त्या आठवड्यात तुम्ही दौऱ्यावर आहात. अट कायदेशीर, दौराही कायदेशीर. बिचारा अनोळखी तुमच्या बंद दाराचा फोटो काढून परत जाईल.

छोट्या कामांच्या वाटपात ३३:३३:३४ असं एक प्रमाण फार वर्षं गाजलं. तेहेतीस टक्के मजूर सहकारी संस्थांना, तेहेतीस सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेलं खुल्या स्पर्धेला. कल्पना खरंच चांगली होती, उपरोधाने म्हणत नाही. फक्त मजूर संस्थेचे मजूर कधी पाहायचे झाले तर कामावर जाऊ नका, संस्थेच्या आमसभेला जा. बाहेर चारचाकी लावायला जागा नसते.

तर दर उघडला आणि चोवीस टक्के बिलो आला, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढा कमी. घाबरू नका, पेढे वाटा, शासनाचा पैसा वाचला! दहा लाखांचं काम सात लाख साठ हजारांत. आता तुमच्यासारखा नवा माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसतो: दरसूचीतच कंत्राटदाराचा नफा धरलेला, त्यातून चोवीस गेले, एक टक्का कामगार उपकर गेला, विमा गेला, अतिरिक्त सुरक्षा ठेव अडकली, आणि ज्याची पावती नसते तेही गेलं, मग सिमेंट कशाचं घेणार? असा हिशेब केला की दोनच गोष्टी निघतात. दरसूची खोटी आहे, किंवा रस्ता खोटा होणार आहे. दरसूची तर शासनाची आहे.

केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात सूचना काढल्या होत्या. निव्वळ कमी दरावर न जाता काही कामांत गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येईल, असं त्यात आहे. सूचना वाचनीय आहेत. वाचा आणि जागेवर ठेवा. गुणवत्तेला गुण द्यायचे तर ती पाहावी लागते, आणि सर्वांत कमी दर कोणता हे पाहायला फक्त आकडे लागतात. ऑडिटवाला तुम्हाला खराब रस्त्याबद्दल विचारणार नाही, दुसऱ्या नंबरचा दर का घेतला हे मात्र विचारेल.

बिलो कुठून भरून निघतो ते ओट्यावरून फार छान दिसतं. पंधरा सेंटीमीटर जाडीचा रस्ता असतो ना, तो कडेला पंधराच असतो. फळ्या लावतात तिथे आधी कुदळीने खोल चर मारून घेतात. मधे मात्र मुरुमाचा उंचवटा तसाच, त्यावर जेमतेम चार बोटं काँक्रीट. साहेब येतात, टेप कडेला लावतात, मोजमाप पुस्तिकेत पंधरा लिहितात. खोटं कुठेच नाही. क्यूबचंही तसंच, म्हणजे ताकद तपासायला काढतात त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं. प्रयोगशाळेत जाणारे क्यूब वेगळ्या घमेल्यातले, त्यात सिमेंट सढळ. अठ्ठावीस दिवसांनी ते असे दणदणीत निघतात की एवढ्या ताकदीवर आमच्या नाल्यावर पूल उभा राहिला असता. कधी वाटतं, गावाला रस्ता नको, क्यूबच द्या.

कामाची वेळ मार्च. निधी ३१ तारखेला परत जातो, म्हणून रस्ता होतो. रस्ता हवा म्हणून निधी येतो ही उलटी समजूत आहे. एप्रिलात ४४-४५ अंशांचं ऊन, बाया हापशीवर नंबर लावून उभ्या, आणि ओलं काँक्रीट घट्ट व्हायला त्यावर रोज पाणी मारायला कोण सांगणार? अंदाजपत्रकात त्यावर अंथरायला ओलं गोणपाट असतं. गावात ते शेळ्यांच्या गोठ्याला लावलेलं असतं.

आणि झाल्यावर तो फोडायला दुसरं खातं आहेच. जलजीवन मिशन २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी, घरोघरी नळ. आमच्याकडे पाईप आला, त्यासाठी नवा रस्ता मधोमध चिरला, मग 'पूर्ववत' केला. पूर्ववत म्हणजे रस्ता नव्हता तेव्हासारखा. नळाला तोटी आहे, पाणी येणार आहे.

तुम्ही म्हणाल ही चिल्लर झाली. मोठं पाहायचं असेल तर पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाला जाऊन दर्शन घ्या. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. मूळ किंमत ३७२ कोटी. मग ७,७७७ कोटी. २०१६ मध्ये १८,४९४ कोटी. मधे २००९ ला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. कालव्याच्या अस्तरीकरणात दोष निघाले, समित्या बसल्या, अहवाल आले. आमचे कास्तकार त्या आकड्यांकडे आदराने पाहतात. कापसाचा भाव असा वाढलेला त्यांनी कधी पाहिला नाही.

कंत्राटदाराबद्दल मात्र मन कडू करून घेऊ नका. गावातलाच एक पोरगा, बी.ई. सिव्हिल, बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून एक नाली बांधली. नाली बरी बांधली, हीच त्याची चूक. बिल दीड वर्ष निधीअभावी पडून. बापाचं एक एकर गहाण. तो रोज माझ्या ओट्यावर चहा प्यायला येतो. पूर्वी काम नव्हतं म्हणून बेरोजगार होता, आता काम करून बेरोजगार आहे. परवा म्हणाला, "काका, पुढच्या वेळेस मीबी चोवीस टक्के बिलो जातो." शिकतोय.

फलकाकडे लक्ष द्या. कामाचं नाव, रक्कम, सौजन्य, दोषदायित्व कालावधी (बिघडलं तर कंत्राटदाराने दुरुस्त करायची मुदत), सगळं रंगवून त्याला चांगलं दोन फूट काँक्रीट घालतात. गेल्या वादळात शाळेचे टिन उडाले, फलक हलला नाही. त्याला आता बकऱ्या बांधतात.

आणि गुणनियंत्रणवाले कोअर, म्हणजे रस्ता भोकसून तपासणीचा नमुना, काढायला आले, तर घाबरून जाऊ नका, जागा मी दाखवतो. पारापासून चौथं घर. तिथे एक म्हातारी माय राहते. रस्ता झाला त्या एप्रिलात तिने तीन आठवडे रोज आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादलीने आपल्या घरापुढे ओतलं, धूळ उडते म्हणून. तेवढा दहा फुटांचा तुकडा दगडासारखा आहे. पाईपवाल्याचं कटर तिथेच अडकलं होतं, पातं बदलावं लागलं. कोअर तिथलाच काढा, अहवाल उत्तम येईल. फक्त सकाळी लवकर या. माय उठली की मशीनसमोर काठी घेऊन उभी राहते आणि विचारते, "सारा गाव सोडून माह्या घरासमोरचाच रस्ता काहून फोडून रायले बाप्पा?"