‘आपल्याकडे हिब नाहीच’ म्हणणाऱ्या मेसेजचा पंचनामा

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नव्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो. रूप बदलतं, गाभा तोच. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि काविळीसोबत ‘हिब’, म्हणजे बाळांना मेंदूज्वर करणाऱ्या हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या जंतूवरचा घटक, उगाच घुसवला आहे. हा परदेशातला रोग, आपल्या लॅबना तो सापडतच नाही. झालाच तर अँटिबायोटिकने बरा होतो. आणि शेजारच्या देशांनी ही लस केव्हाच बंद केली. यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच मेसेज पटतो.

सुरुवातीलाच मेसेज म्हणतो, ‘हिमोफिलस इन्फ्लुएंझा म्हणजे फ्लू, बाळाला फ्लूची लस दिली की झालं.’ हे साफ चूक. फ्लू विषाणूने होतो, हिमोफिलस हा जिवाणू आहे. १८९२ मध्ये बर्लिनला रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या बेडक्यात तो सापडला आणि त्यांनी त्यालाच साथीचं कारण ठरवलं. १९१८ ची साथ मुंबई बंदरातून देशात शिरली, तेव्हाही जगभरचे अनेक डॉक्टर याच जंतूच्या मागे होते. १९३३ मध्ये लंडनमध्ये माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढला गेला आणि वाद मिटला. जंतूचं नाव तेवढं चिकटून राहिलं.

आता मुख्य दावा, ज्यावर बाकीचे सगळे उभे आहेत: ‘भारतात हिब नाही, मोठमोठ्या हॉस्पिटलांचे कल्चर रिपोर्ट निगेटिव्ह येतात.’ कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. रिपोर्ट निगेटिव्ह येतात हे खरंच आहे. पण हा जंतू फार नाजूक आहे, आणि बाळाच्या पाठीपासून मायक्रोस्कोपपर्यंतच्या वाटेवर तो हातचा जाण्याच्या अनेक जागा आहेत.

पहिली जागा दवाखाना. गोवंडी घ्या, धारावी घ्या, मालवणी घ्या. बाळाला ताप आला की पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरचं सिरप, दुसऱ्या दिवशी इंजेक्शन. फिट आली, टाळू फुगली की मोठ्या हॉस्पिटलात धाव. तिथे पाठीतलं पाणी काढेपर्यंत सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकचा निदान एक डोस गेलेला असतो, आणि त्यानंतर काही तासांत ते दिवसभरात पाण्यातले जिवंत जंतू संपतात. पेशी वाढलेल्या, साखर उतरलेली, प्रथिनं चढलेली, म्हणजे मेंदूज्वर जिवाणूचाच आहे हे दिसतं. कोणत्या जिवाणूचा, ते कळत नाही. कागदावर येतं ‘नो ग्रोथ’, काहीच उगवलं नाही.

दुसरी जागा फ्रिज. रात्री नमुना घेतला, लॅब सकाळी उघडणार, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवली. लघवीच्या नमुन्याला हे बरोबर आहे, पाठीतल्या पाण्याला घातक. थंडीत हिमोफिलस मरतो. नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचला पाहिजे, आणि उशीर होणारच असेल तर ३५ ते ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये राहिला पाहिजे.

तिसरी जागा जंतू वाढवायची प्लेट, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हिमोफिलसला वाढायला दोन गोष्टी बाहेरून लागतात: एक्स फॅक्टर म्हणजे हिमिन आणि व्ही फॅक्टर म्हणजे एनएडी. दोन्ही रक्तात असतात, पण एनएडी तांबड्या पेशींच्या आत कोंडलेलं असतं. शिवाय मेंढीच्या रक्तात ते नष्ट करणारं एन्झाइम असतं. म्हणून नेहमीच्या ब्लड आगारवर (रक्त मिसळलेल्या जेलीवर) हा जंतू उगवत नाही, उगवला तर स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूच्या रेघेच्या कडेकडेने बारीक ठिपक्यांसारखा, कारण स्टॅफिलोकॉकस त्याला एनएडी पुरवतो. त्याला हवं चॉकलेट आगार. वितळलेल्या बेसमध्ये रक्त घालून ७५ ते ८० अंशांवर सुमारे दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने ढवळत ठेवायचं, रंग तपकिरी होईपर्यंत. पेशी फुटतात, एनएडी बाहेर येतं आणि ते खाणारं एन्झाइम निकामी होतं. आच कमी पडली तर एन्झाइम शिल्लक राहतं, फार चढली तर एनएडीच जातं. दोन्ही वेळा प्लेट दिसायला ठीक दिसते. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरणं हा आणखी एक घोळ: त्यात प्रतिपिंडं असतात, अँटिबायोटिकचे अंश असू शकतात. प्रत्येक नव्या घाण्यातली एक प्लेट माहीत असलेल्या हिमोफिलसच्या स्ट्रेनवर तपासली नसेल, तर त्या घाण्यावरच्या ‘नो ग्रोथ’ला किंमत नाही.

प्लेट जमली तरी हवेत ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइड हवा. यंत्र नसेल तर कॅंडल जार चालतो: घट्ट झाकणाचा डबा, आत ओला कापूस, पांढरी बिनवासाची मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं, ती आपोआप विझते. त्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे ३ टक्केच होतो, पण काम भागतं. प्लेट २४ तासांनी फेकायची नाही, ७२ तासांपर्यंत बघायची.

ग्रॅम स्टेनमध्येही, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतानाही, तो निसटतो. लहान, फिकट गुलाबी, अर्धवट गोल, अर्धवट काडीसारखा. सॅफ्रॅनिनचा रंग तो नीट घेत नाही, त्यामुळे पस सेलच्या गुलाबी पसाऱ्यात नजरेआड होतो. सॅफ्रॅनिनऐवजी पातळ कार्बोल फुक्सिन वापरलं तर बरा दिसतो. अँटिबायोटिक आधीच गेलेलं असेल तर पीसीआर करावी, कारण तिला मेलेल्या जंतूचा डीएनएही पुरतो.

हे सगळं नीट केलं की काय होतं? १९९३ ते १९९७ मध्ये देशातल्या सहा मोठ्या रुग्णालयांनी, त्यात आपलं नागपूरही होतं, ठरलेल्या पद्धतीने शोध घेतला. हिमोफिलस इन्फ्लुएंझाचे गंभीर संसर्ग १२५ रुग्णांत सापडले, जवळजवळ सगळे बी प्रकारचे, म्हणजे हिब. तेव्हा सरकारी कार्यक्रमात ही लस नव्हती. ‘रोग होताच कुठे’ या प्रश्नाला इथे उत्तर आहे.

आजकाल नीट शोधूनही हिब कमी सापडतो, हेही खरं. डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून पेंटाव्हॅलंट सुरू झाली, २०१५ मध्ये महाराष्ट्रात आली. ही लस घेतलेल्या बाळाच्या घशातही हिब कमी टिकतो, त्यामुळे लस न घेतलेल्या शेजारच्या बाळालाही थोडं कवच मिळतं. आफ्रिकेतल्या गांबियात १९९७ मध्ये लस सुरू झाली आणि २००२ पर्यंत हिबचा आजार जवळपास दिसेनासा झाला. जगभरात २००० साली पाच वर्षांखालच्या सुमारे ३,७१,००० मुलांचे मृत्यू हिबमुळे झाले असा अंदाज होता, २०१५ साठी तोच अंदाज २९,५०० चा आहे. लशीमुळे ओसरलेला रोग दाखवून ‘लस कशाला’ विचारणं म्हणजे छत्रीखाली उभं राहून पाऊस नाही म्हणणं.

‘झालाच तर अँटिबायोटिक आहे की.’ आहे, आणि वेळेत दिलं तर बहुतेक मुलं जगतात. पण वाचलेल्यांपैकी १५ ते ३० टक्क्यांना बहिरेपण किंवा मेंदूची कायमची इजा राहते. कारण नुसता जंतू नाही, जंतू मरताना उसळणारी सूज आतल्या कानाला आणि मेंदूला मारते. म्हणून हिबच्या मेंदूज्वरात डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड ०.१५ मिलिग्रॅम प्रति किलो दर ६ तासांनी द्यायचं असतं, आणि पहिला डोस अँटिबायोटिकच्या आधी किंवा सोबत. मागाहून दिलं तर कान वाचवण्याची संधी बरीचशी गेलेली असते, आणि अँटिबायोटिक तर कोपऱ्यावर कालच सुरू झालेलं असतं! साध्या ॲमॉक्सिसिलिनवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. १९७४ पासूनच ॲम्पिसिलिन (ॲमॉक्सिसिलिनचंच भावंड) पचवणारे, त्यासाठी बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम बनवणारे हिब माहीत आहेत. सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून, ७ ते १० दिवस, हॉस्पिटलातच. घरी सोडण्याआधी किंवा महिन्याभरात कानाची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते दाखवणारी) झालीच पाहिजे. ती राहून गेली की मूल बोलत का नाही हे दीड-दोन वर्षांनी कळतं.

‘आईचं दूध पुरे, आणि आजार होऊन गेला की शरीर स्वतः शिकतं.’ आईकडून आलेली प्रतिपिंडं दोन-तीन महिन्यांत ओसरतात. स्तनपानाने धोका कमी होतो, जात नाही. आणि दुसऱ्या अर्ध्याचं म्हणाल, तर दोन वर्षांखालचं शरीर हिबपासून शिकत नाही, हीच तर मेख आहे. हिबच्या अंगावर साखरेच्या साखळीचं कवच असतं. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना प्रथिनं ओळखता येतात, नुसती साखर नाही, आणि त्यांच्या मदतीशिवाय लहान बाळात टिकाऊ आठवण बनत नाही. याच कारणाने १९८५ मध्ये अमेरिकेत आलेली नुसत्या साखरेची लस दीड वर्षाखाली जवळजवळ निकामी ठरली. मग ती साखर टिटॅनस टॉक्सॉइडसारख्या प्रथिनाला जोडली गेली आणि १९९० पासून दोन महिन्यांच्या बाळांनाही चालू लागली. या कामासाठी रॉबिन्स, श्नीरसन, अँडरसन आणि स्मिथ यांना १९९६ चा लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला. म्हणून दोन वर्षांच्या आत हिबचा मेंदूज्वर होऊन गेलेल्या बाळालासुद्धा पुढे लस द्यावीच लागते. डिस्चार्जच्या गडबडीत हे सर्रास विसरलं जातं.

‘श्रीलंका, भूतान, व्हिएतनाम यांनी लस बंद केली.’ केली होती: श्रीलंकेने २००८ मध्ये, भूतानने २००९ मध्ये, व्हिएतनामने २०१३ मध्ये, लशीनंतर काही बाळं दगावल्यावर. मृत्यूंची चौकशी झाली, लशीशी संबंध सिद्ध झाला नाही, आणि तिन्ही देशांनी ती पुन्हा सुरू केली: २०१०, २०११ आणि त्याच २०१३ मध्ये. मेसेज अर्ध्यावर संपतो. दीड ते साडेतीन महिने हे वयच असं आहे की या काळात लस न घेताही काही बाळं दगावतात, त्यामुळे लशीच्या ‘नंतर’ म्हणजे लशी‘मुळे’ हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. लशीनंतर अर्धा तास केंद्रावर थांबवतात ते मात्र क्वचित येणाऱ्या तीव्र ॲलर्जीवर लगेच उपचार करता यावेत म्हणून. थांबा, गर्दी असली तरी.

मांडी सुजणं आणि रात्रीचा ताप बहुतेक वेळा डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येतो, हिबमुळे नाही. तो घटक तर १९७८ पासूनच्या ट्रिपलमध्येही होता. ताप आला तर पॅरासिटामॉल १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो. मांडीवर बर्फ, हळद, बाम काही नको.

‘पेंटा घेऊनही कान फुटला, छाती भरली.’ फुटू शकतो, भरू शकते. कान आणि सायनसमध्ये सापडणारा हिमोफिलस बहुतेक वेळा बिनकवचाचा असतो, आणि लस तर कवचाविरुद्ध आहे. न्यूमोनियाबाबतही लशीच्या बाजूने वाढवून बोलण्यात अर्थ नाही. गांबियात एक्स-रेत दिसणारा न्यूमोनिया सुमारे २१ टक्क्यांनी घटला, इंडोनेशियात लोंबोक बेटावर तशी घट दिसली नाही. मेंदूज्वर मात्र दोन्हीकडे घटला. पेंटा घेतलेल्या बाळालाही न्यूमोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचा मेंदूज्वर होऊ शकतो, त्यासाठी पीसीव्ही ही लस वेगळी आहे.

शेवटचा मुद्दा बराच मुंबईचा: ‘सरकारी लस उन्हात खराब होते, खासगीतली बिनतापाचीच खरी.’ लस २ ते ८ अंशांत हवी हे बरोबर. पण पेंटाचा मोठा शत्रू गोठणं आहे. तिच्यातलं ॲल्युमिनियम गोठलं की गठ्ठे होतात आणि ताकद जाते. घरगुती फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकवलेल्या बाटल्यांचं हेच होतं, आणि असे फ्रिज खासगी दवाखान्यांतही असतात. बाटलीवरचं चिन्ह बघा: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच ती वापरायची. मात्र ते चिन्ह उष्णता दाखवतं, गोठणं नाही. त्यासाठी शेक टेस्टच, म्हणजे बाटली हलवून बघण्याची तपासणी, करावी लागते.

बिनतापाच्या लशीतही, म्हणजे डांग्या खोकल्याचा सौम्य घटक असलेल्या लशीतही, हिब असतो, पण तिच्या जोडीने दिलेल्या हिबला प्रतिसाद थोडा कमी मिळतो. ब्रिटनने १९९२ मध्ये बूस्टरविना लस सुरू केली होती. १९९९ नंतर रुग्ण वाढले, पुढे अशा जोडलशींचाही त्यात हात होता, आणि २००३ मध्ये खास मोहीम काढून बूस्टर द्यावा लागला. त्यामुळे खासगीत लस घेणाऱ्यांनी १५ ते १८ महिन्यांचा हिब बूस्टर चुकवू नये. सरकारी कार्यक्रमात दीड वर्षाला ट्रिपलचा बूस्टर मिळतो, त्यात हिब नसतो.

महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर पेंटा मोफत आहे: ०.५ मिली, डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, ६, १० आणि १४ आठवड्यांना. गावाला गेल्याने डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेले डोस चार आठवड्यांच्या अंतराने पुरे करायचे. वर्षाच्या आत एकही डोस झाला नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे सुट्टा हिब मिळतो. १५ महिन्यांनंतर एकच डोस पुरतो. पाच वर्षांपुढच्या निरोगी मुलाला तो लागत नाही. प्लीहा काढलेल्या किंवा सिकलसेल असलेल्या मुलाला मात्र पाच वर्षांनंतरही विचारून घ्यावा, आणि प्लीहेचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर त्याच्या निदान दोन आठवडे आधी.