डायलेटर घालण्याआधी वायर बघायचीच

डॉक्टर, लहान मुलांची सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) सोनोग्राफीने बघूनच घालावी, या माझ्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप असा: हात बसला की मानेत ती शरीरावरच्या खुणांवरूनही घालता येते, आणि शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) बाळासाठी सोनोग्राफीचं मशीन येईपर्यंत थांबायला वेळ नसतो.

वेळेचा मुद्दा रास्त आहे. पण तेव्हा टिबियात (नडगीच्या हाडात) इंट्राऑसियस, म्हणजे हाडाच्या पोकळीत जाणारी, सुई घालून औषधं सुरू करायची. सेंट्रल लाइन त्यानंतर.

हात बसण्याबद्दल मात्र मतभेद आहे. तान्ह्या बाळाची इंटर्नल जुगुलर (मानेतली मोठी शीर) जेमतेम ४-५ मिमीची. मान ३० अंशांपेक्षा जास्त वळवली की ती कॅरोटिडच्या (मानेतल्या धमनीच्या) डोक्यावर येते. सुईच्या दाबाने शीर चपटी होते, दोन्ही भिंती एकदम भेदल्या जातात आणि रक्त येतं ते सुई मागे घेताना. म्हणून रक्त दिसलं नाही की लगेच दिशा बदलू नका. सिरिंज हलकी ओढत सावकाश मागे या. डोकं १५ अंश खाली करून कुणी यकृतावर हलका दाब दिला तर शीर भरते.

सोनोग्राफीच्या प्रोबचं सगळ्यात मोलाचं काम सुई आत गेल्यावर सुरू होतं. शॉकमध्ये किंवा ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडलेल्या बाळात धमनीचं रक्तही काळपट दिसतं, उसळत नाही. रंगावर विसंबू नका; सुईतून सरकवलेली वायर शिरेतच आहे ना, हे प्रोब उभा-आडवा धरून बघा. वायर कॅरोटिडमध्ये असेल तर काढून दाबून धरलं की बहुधा निभावतं. डायलेटर (वायरवरून घालून वाट रुंद करणारी नळी) गेला असेल तर तो तसाच ठेवून सर्जनला बोलवावं लागतं. डायलेटर त्वचेपासून शिरेच्या भिंतीपर्यंतच घालायचा, आणि वायर मागेपुढे सरकत नसेल तर तिथेच थांबायचं. या घाईत व्हेना केवा (हृदयाकडे जाणारी मुख्य शीर) फाटते.

शिरेचा व्यासही मोजा. कॅथेटर (शिरेत राहणारी नळी) त्या व्यासाच्या एक तृतीयांशापेक्षा जाड नको, नाहीतर गुठळी होते: ४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) म्हणजे १.३ मिमी, त्याला ४ मिमीची शीर लागते. उजव्या बाजूने कॅथेटर घालायची खोली सेंमीमध्ये, उंची १०० सेंमीपर्यंत असेल तर, उंचीचा दहावा भाग वजा १. ६० सेंमीच्या बाळाला ५ सेंमी. एक्सरेत टोक कॅरिनाच्या (श्वासनलिका दुभागते त्या जागेच्या) आसपास हवं. एट्रियमच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) भिंतीला टेकलं तर टॅम्पोनाडची, म्हणजे हृदयाभोवती द्रव साचून ते दबण्याची, भीती.

पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा) नोंदणीच्या कटकटीने मशीन मिळत नाही, ही तुमची तक्रार खरी आहे. मशीन नसेल तिथे मांडीची शीर घ्या. फुप्फुसाला धोका नाही, दाबताही येते. मात्र डायलेटरआधी वायरवरून बारीक कॅन्युला (प्लास्टिकची छोटी नळी) सरकवा, वायर काढा, सलाइनने भरलेली एक्स्टेंशन नळी जोडून उभी धरा. पातळी खाली उतरली तर शीर. वर चढली तर धमनी: कॅन्युला काढा आणि दाबून धरा.