अकरा नावं लिहिली म्हणजे टीम झाली का रे भो?

जुलै लागला की सुरू. इकडे कपाशीत निंदणी चालू असते आणि तिकडे मोबाइलवर इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबची टीम काढणं चालू असतं. जळगाव असो, भुसावळ असो की शहादा, सगळीकडे एकच रोग. ते हिरव्या मैदानाचं ॲप उघडायचं, अकरा जर्श्या बोटाने सरकवायच्या, खाली लिहायचं 'यंदा लीग आपलीच', आणि मग त्यावर टपरीवर तीन-तीन कट चहा होईपर्यंत भांडायचं. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, स्ट्रायकर कोण. एकाच्याही तोंडून हा प्रश्न निघत नाही की बॉल गेल्यावर काय करायचं.

कारण बॉल जातो, साहेब. मॅचमध्ये शेकडो वेळा जातो. तुमच्या ॲपमध्ये जात नाही, तो भाग वेगळा.

आता तुमची ती ठरलेली टीम घ्या. वर एक स्ट्रायकर, दोन्ही बाजूंना विंगर, मध्ये दहा नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे, ब्रुनो फर्नांडिस. त्याच्या मागे एक 'आठ नंबर'चा मिडफिल्डर, तोही पुढे पळणारा, कारण यूट्यूबवर त्याचे गोल पाहिलेत. दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, ओव्हरलॅप करणारे, विंगरच्याही पुढे पळणारे. मोजा. सात माणसं पुढे. मागे उरले दोन सेंटर बॅक आणि त्यांच्यापुढे एकटा मिडफिल्डर. मैदान आहे १०५ बाय ६८ मीटरचं. त्या ६८ मीटर रुंदीत तीन माणसांनी काउंटर, म्हणजे बॉल हिसकावून केलेला उलटा हल्ला, थांबवायचा? समोरच्याने दोन फॉरवर्ड वर ठेवले आणि एक विंगर पळवला की तीनास तीन झाले. तिथून पुढे गोलकीपरचं नशीब.

आपण अटॅक करत असतानाच बॉल गेला तर अडवायला पाच माणसं मागे तयार पाहिजेत. तीन मागे, दोन त्यांच्यापुढे, नाहीतर दोन मागे आणि तीन पुढे. समोरच्याचे दोन वर असतील तर त्यांना तिघं, म्हणजे एक जास्तीचा. आणि राहिलेले दोघं हेडरवरून सुटलेला बॉल उचलायला. म्हणजे एक फुलबॅक वर गेला तर दुसऱ्याने आत येऊन मिडफिल्डरच्या शेजारी उभं राहायचं. हे ठरवल्याशिवाय 'दोन्ही फुलबॅक ॲटॅकिंग' लिहिणं म्हणजे दोन्ही बैल एकदम सोडून देणं आणि मग वखर का चालत नाही म्हणून ओरडणं.

आणि हे पुस्तकी नाही, डोळ्यांसमोर घडलंय. २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधराव्या नंबरवर. ३८ सामन्यांत ४२ पॉइंट, १८ पराभव, ४४ गोल केले, ५४ खाल्ले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात काय घेतलं? कुन्या, एम्ब्यूमो, शेश्को, तिघंही पुढे खेळणारे. तिघांवर मिळून जवळपास वीस कोटी पौंड. मिडफिल्डमध्ये किती घेतले? शून्य. आणि आपले लोक नाचत होते, 'फ्रंट थ्री बघ भो, फ्रंट थ्री!' अरे, ३-४-२-१ मध्ये (मागे तीन, मध्ये चार, पुढे दोन, वर एक) स्ट्रायकरच्या मागच्या दोन जागा कुन्या आणि एम्ब्यूमोला दिल्या, म्हणजे ब्रुनो कुठे गेला? खाली, दोघांच्या मिडफिल्डमध्ये, तिशी ओलांडलेल्या कासेमिरोच्या शेजारी. टीममधला सगळ्यात भारी पास देणारा माणूस, जो जागा सोडून बॉलमागे धावतो म्हणूनच भारी आहे, त्यालाच सांगितलं की जागा सोडू नको.

दोघांच्या मिडफिल्डचं गणित चौथीतल्या पोराला जमेल. समोरचा तीन खेळवतो. दोघांनी दोघं धरले, तिसरा मोकळा. त्याला धरायला सेंटर बॅक पुढे आला तर त्याच्या पाठीमागे विंगर पळतो. वरच्या दोन दहा नंबरांपैकी एक खाली आला तर वर प्रेस करायला, म्हणजे बॉलवाल्यावर धावून जायला, माणूस कमी. कडेने वर-खाली पळणारा विंगबॅक आत आला तर अख्खी कड उघडी. कुठूनतरी भोक पडणारच, प्रश्न एवढाच की ते कुठे पडू द्यायचं. त्यावर बोला ना! मॅनेजर रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले, जानेवारी २०२६ मध्ये गेले, आणि या सगळ्या काळात आपल्याकडे वाद कशावर? तीन डिफेंडर चांगले की चार. जसं काही एक माणूस मागे सरकवला की भोक बुजतं. ४-३-३ लिहा, ३-४-२-१ लिहा, तो आकडा फक्त किक-ऑफच्या वेळचा. पाच मिनिटांनी तीनचे पाच झालेले असतात आणि चारचे दोन.

रावेर-यावलकडच्या माणसाला तर हे सांगायची गरजच पडू नये. केळीचा घड भरला, झाड वाकलं, आणि टेकू दिला नाही, तर मे-जूनच्या वावटळीत काय होतं ते दर साली दिसतं. घड जितका मोठा तितका टेकू आधी. आणि हेच लोक टीम काढताना तीन घड लावतात आणि टेकूच्या पैशात चौथा घड मागतात.

टेकू गेला की काय होतं ते मँचेस्टर सिटीला विचारा. सप्टेंबर २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्ध त्यांच्या मिडफिल्डमधल्या रॉड्रीचा गुडघा गेला. स्ट्रायकर हालंड तिथेच होता, बाकीचे बहुतेक तेच होते, मॅनेजरही तोच. तरी ऑक्टोबरच्या शेवटापासून २६ डिसेंबरपर्यंत १३ सामन्यांत एक विजय. फेयेनोर्डविरुद्ध ७५ व्या मिनिटाला ३-० पुढे होते, मॅच सुटली ३-३. बॉल हरवल्यावर पहिला पास तोडायला मध्ये कोणी नव्हतं, समोरचे सरळ पाठीवर धावत येत होते. हालंडने त्या सीझनला लीगमध्ये २२ गोल मारले. घ्या तुमचा गोल मारणारा.

प्रेसचं तर विचारूच नका. 'हाय प्रेस खेळवा' एवढं लिहिलं की काम संपलं. कोण आधी धावणार? स्ट्रायकरने सरळ सेंटर बॅककडे धावायचं नाही, वाकडं धावायचं, म्हणजे दुसऱ्या सेंटर बॅककडचा पास बंद होतो आणि बॉल एका बाजूलाच राहतो. खुणाही ठरलेल्या लागतात: गोलकीपरकडे मागे पास गेला, कोणाचा पहिला टच लांब पडला, फुलबॅकने साइडलाइनकडे तोंड करून बॉल घेतला, की सगळ्यांनी एकदम. एकट्याने धावणं म्हणजे फक्त दमणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मागची लाइन त्याच वेळी दहा-पंधरा मीटर वर आली पाहिजे. स्ट्रायकरपासून शेवटच्या डिफेंडरपर्यंत पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की मध्ये समोरच्याचा माणूस आरामात वळतो. आता तुम्ही मागे कोणाला लावलंय? दोन उंच, दणकट, पण वळायला बैलगाडीइतका वेळ घेणारे. त्यांच्या पाठीमागे चाळीस मीटर मोकळं रान सोडून हाय लाइन? ते येणारच नाहीत वर. घाबरून मागेच थांबतील, पुढचे तिघं धावतील, आणि मध्ये जत्रा भरेल. मग दुसऱ्या दिवशी स्टेटस: 'मिडफिल्डमध्ये दम नाही.'

डावीकडचा सेंटर बॅक डावऱ्या पायाचा का लागतो, हेही कोणी विचारत नाही. उजव्या पायाचा माणूस तिथे बॉल आत वळवूनच घेतो. अर्धा-एक सेकंद जातो, प्रेस करणारा तेवढ्यात अंगावर, आणि डावीकडची लाइन वापरायची राहूनच जाते. २०१९ पासून गोलकिकचा बॉल आपल्या माणसाला बॉक्सच्या आतच घेता येतो, त्यामुळे ही चूक आता स्वतःच्या गोलपासून दहा पावलांवर घडते. पण नाही, 'सेंटर बॅक कोणीही चालतो, गोल कोण मारतो ते बघ.'

प्री-सीझनवरून, म्हणजे सीझनआधीच्या सरावाच्या मॅचवरून, मतं बनवणारे आणखी निराळे. साठ मिनिटांनी आठ माणसं बदलतात, समोरचाही पाय वाचवून खेळतो, आणि त्यावरून हे ठरवतात की कोण 'तयार' झाला. २०२५ मध्ये अमेरिकेतला समर सिरीजचा कप युनायटेडनेच उचलला होता. बोर्नमथला ४-१ मारलं, फटाके फोडायचे तेवढे बाकी होते. मग १७ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनलने एका कॉर्नरवर १-० केलं आणि निघून गेले. २७ ऑगस्टला चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीने लीग कपमधून बाहेर काढलं, २-२ नंतर पेनल्टीवर १२-११. अमेरिकेतल्या त्या कपाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

बेंचवर नऊ, त्यातले पाच बदलता येतात, तेही खेळ तीनदाच थांबवून, हाफटाइम वेगळा. म्हणजे सत्तराव्या मिनिटाला वेगळीच टीम मैदानात असते, ती कोणी काढत नाही. रजिस्टर होतात २५, त्यात होमग्रोन (इंग्लंड-वेल्सच्या क्लबांत तयार झालेले) नसलेले जास्तीत जास्त १७. हे न बघताच 'अजून दोन ब्राझिलियन घ्या'.

खरं सांगायचं तर या सगळ्यांत कामाचं बोलतो तो शेतातला माणूस. आठवडाभर शेतीची लाइट रात्रीची, मोटर चालू करून बांधावर बसायचं, आणि साडेबारा वाजता तिकडे मॅच सुरू. तो नव्वद मिनिटं बघतो, कारण त्याला झोपायचंच नसतं. त्याला माहीत असतं की लेफ्ट बॅक साठाव्या मिनिटानंतर परत येत नाही. सकाळी उठून चार मिनिटांचे हायलाइट पाहिलेले मात्र त्यालाच म्हणतात, 'तुले काय समजस रे भो?' हायलाइटमध्ये गोल दिसतो. गोलच्या आधी कोण जागेवर नव्हता ते कापलेलं असतं.

परवा अशीच एक टीम फिरत होती. दीडशे मेसेज पडले त्यावर. शिव्या झाल्या, दोघं ग्रुप सोडून गेले, एकाला परत आणलं. नीट मोजली तर त्यात बारा नावं होती. बारावा पण विंगरच.